मुद्दा क्रमांक दोन

तिच्या पत्राला मी वीस दिवस उत्तर दिलं नाही. कार्यालयानं मात्र चौथ्याच दिवशी दिलं होतं, प्राचार्यांच्या सहीनं आणि जावक क्रमांक घालून. ते उत्तर आठवलं की अजूनही माझे कान गरम होतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण होतात.

गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीची. धुळे शहराबाहेर आमचं कॉलेज होतं. परिसर अडीचशे एकरांचा. मुख्य इमारत, वर्कशॉप, दोन वसतिगृहं, कॉलेजची शेती आणि एका टेकाडामागे पांझरा नदीच्या काठी पंपघर. आतले टेलिफोन आठवड्यातून चार दिवस बंद. पंप बंद पडला की निरोप घेऊन माणूस सायकलवर यायचा, तोवर वसतिगृहाच्या टाक्या कोरड्या. शेवटी प्राचार्यांनी दिल्लीहून वायरलेसचा परवाना मिळवला. मुख्य इमारतीत एक मोठा संच आणि परिसरात वापरायला हातातले सहा. पदार्थविज्ञान शिकवणारा म्हणून अँटेना आणि केबल निवडायचं काम माझ्याकडे आलं. तोपर्यंत मी अँटेनांवर चार पुस्तकं वाचली होती आणि एकही अँटेना हातात धरलेली नव्हती.

तात्पुरती म्हणून संचाबरोबर आलेली छोटी अँटेना मी गच्चीवर उभी केली. आवाज वसतिगृहापर्यंत जेमतेम पोचायचा. मग जळगावच्या एका कंपनीला मी सविस्तर टिपण पाठवलं.

जानेवारीतली सकाळ होती. मी गच्चीवर उन्हात, एका रिकाम्या खोक्यावर बसून वाचत होतो. एक बाई जिना चढून वर आली. खांद्याला खाकी पिशवी, पदर कमरेला खोचलेला आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीखाली बूट मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"अहो, झांबरे सर कुठे भेटतील?"

"काम... काय होतं?"

"जळगावहून आलेय, अँटेनाच्या कंपनीकडून. सरांनी आमच्या सेठजींना अकरा पानांचं टिपण पाठवलंय. माणूस फार विद्वान दिसतो. खरं सांगू का, मला जरा भीतीच वाटतेय."

"बघतो हं," मी म्हणालो आणि जिना उतरून खाली गेलो.

खाली आल्यावर लक्षात आलं, की बोलावून आणायला कोणीच नाही. व्हरांड्यात उभा राहिलो. आमचा वायरमन झुलाल नळावर पाणी पीत होता.

"काय शोधी ऱ्हायनात सर?" त्यानं विचारलं.

याला काय सांगणार. चष्मा पुसला आणि परत वर गेलो.

"सापडले?" तिनं विचारलं.

"हो... मीच."

ती हसली नाही. खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी बांधायला तिला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ तिचे खांदे हलत होते.

तिचं नाव प्रमिला नेहेते. वडील वरणगावच्या फॅक्टरीत होते. तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि सहा वर्षं त्या कंपनीत अँटेना बसवत होती. तिनं माझं टिपण पिशवीतून काढलं. कडेला पेन्सिलीच्या खुणा केलेल्या होत्या. कोणी माझं लिहिलेलं इतकं वाचल्याचं मला आठवत नव्हतं.

"तुम्ही यागी अँटेना निवडलीय. का?"

"सर्वांत जास्त ताकद तिचीच आहे. पुस्तकात..."

"ती एकाच दिशेला बोलते. आपण तिचं तोंड पंपघराकडे केलं. आणि संच घेऊन कॉलेजची जीप शहराच्या बाजूला गेली तर?"

मी जीपचा विचारच केला नव्हता.

"पंपघरावर कोण असतं?" तिनं विचारलं.

"एक ऑपरेटर असावा."

"असावा? तुम्ही गेलेले नाहीत तिकडे?"

"नाही. म्हणजे... नकाशात पाहिलंय."

तिनं टिपणाची घडी घातली. "चारी दिशांना सारखं बोलणारी उभी कांडी घेऊ. थोडी ताकद कमी, पण कोणी पाठीमागे राहणार नाही. आता तुमची केबल दाखवा."

संचाच्या खोलीत भिंतीवरच्या खिळ्याला काळ्या, बारीक केबलचं मोठं भेंडोळं टांगलेलं होतं. अँटेनापर्यंत लागत होती बावीस मीटर. उरलेली अडतीस मीटर त्या भेंडोळ्यात होती, आणि सगळी जोडलेलीच.

"हे काय?"

झुलाल दारात उभा होता, तोच म्हणाला, "स्टोरवाला कापू देत नही ना ताई. रजिस्टरमा एक बंडल, साठ मीटर लिखेल शे. कापी तं मोजनीले कमी भरी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. स्टोरकीपरचं म्हणणं मी जसंच्या तसं मान्य केलं होतं. वर मला स्वतःलाही वाटलं होतं, की असू दे, पुढेमागे लागेल.

तिनं पिशवीतून वॉटमीटर काढला. आधी संचाजवळ लावला, मग गच्चीवर जाऊन अँटेनाच्या टोकाला. खाली येऊन वहीत दोन आकडे लिहिले आणि वही माझ्यापुढे सरकवली. इथून पंचवीस वॉट निघत होते. वर दीड पोचत होता.

"सर, तुम्ही बोलता ते सगळं या भेंडोळ्यातच फिरून दमतं," ती म्हणाली. "लोकांना वाटत असेल तुम्ही काही बोलतच नाही."

जाताना तिनं जाड केबल लिहून दिली, आणि मला गच्चीपासून संचापर्यंतचं अंतर टेपनं मोजायला लावलं. खिडकीपाशी केबलला खाली झोल द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून आत येत नाही, तिथल्या तिथे टपकून जातं. त्या झोलासकट साडेतेवीस मीटर भरली. "साडेतेवीस," तिनं लिहिलं. "चोवीस म्हणू नका."

ती गेली आणि दुसऱ्या दिवशी मी पंपघरावर चालत गेलो. ऑपरेटरचं नाव पुना होतं आणि तो तिथे अकरा वर्षं होता. त्यानं मला चहा दिला. मग रोजच जायला लागलो. कशासाठी, हे मी स्वतःला विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी ती पुन्हा आली, सामान आणि चांद नावाच्या तिच्या कंपनीतल्या मेस्त्रीला घेऊन. चांद आणि झुलाल यांनी दुपारपर्यंत खांब उभा केला, कांडी चढवली. केबलची टोकं मात्र तिनं स्वतः सोलून जोडली. मी टॉर्च धरून उभा होतो.

"टॉर्च जड आहे का?"

"नाही."

"मग का हलतेय?"

"...सेल नवे आहेत."

हे काय उत्तर झालं, ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं मान वर केली नाही, पण गालाला खळी पडलेली मी वरून पाहिली.

मग चाचणी. ती हातातला संच घेऊन परिसरभर चालत जाणार आणि मी मोठ्या संचावर बसून आकडे म्हणणार. वायरलेसवर एका वेळी एकालाच बोलता येतं. बटण दाबलं की दुसऱ्याला ऐकावंच लागतं, आणि आपलं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. ही शिस्त मला फार सोयीची वाटली. समोर चेहरा नव्हता, मध्येच कोणी तोडत नव्हतं.

"एक, दोन, तीन, चार. ऐकू येतंय का? ओव्हर."

"येतंय. वर्कशॉपपाशी आहे. ओव्हर."

"तिथून डावीकडची पायवाट घ्या. उजवीकडची नकाशात जवळची दिसते, पण पुढे काटेरी कुंपण आहे. टेकाड उतरलं की जांभळाचं झाड लागेल. त्याच्या सावलीत पुनाभाऊंची खाट असते. ते चहा विचारतील, नाही म्हणू नका, त्यांना वाईट वाटतं. ओव्हर."

खरखरीतून तिचा आवाज आला.

"तुम्ही तर नकाशातच पाहिलं होतं ना पंपघर? ओव्हर."

"नंतर जाऊन आलो. ओव्हर."

"किती वेळा? ओव्हर."

"...अकरा. ओव्हर."

झुलाल माझ्यामागे स्टुलावर बसला होता. तो म्हणाला, "सर, समोर बोलाले काय व्हस तुम्हले? याम्हा तं किती चांगला बोली ऱ्हायनात." मी त्याला हातानं गप्प केलं.

"पंपघरावर पोचले," तिचा आवाज आला. "तुमच्या टिपणासारखंच सांगते. मुद्दा क्रमांक एक, आवाज स्वच्छ आहे. मुद्दा क्रमांक दोन, आवाज चांगला आहे. ओव्हर."

"एक आणि दोनमध्ये फरक काय? ओव्हर."

"ते यथावकाश कळवण्यात येईल. ओव्हर."

संध्याकाळच्या एसटीनं ती आणि चांद जळगावला गेले. मी थांब्यापर्यंत गेलो होतो. बस सुटेपर्यंत मी केबलवरच बोललो.

सहा फेब्रुवारीला तिचं पत्र आलं. ते माझ्याच नावावर होतं, पण कंपनीच्या लिफाफ्यात. आमच्याकडे असा लिफाफा आला, की आवक-जावक सांभाळणारे पंडितभाऊ तो फोडायचे, शिक्का मारायचे, क्रमांक घालायचे आणि मग ज्याचं असेल त्याला द्यायचे. तसं ते माझ्या टेबलावर आलं. आवक क्रमांक चारशे बारा.

"मुद्दा क्र. १ : नवीन केबल बसवल्यावर आठ दिवसांनी मीटरचे आकडे पुन्हा घेऊन कळवावेत.

मुद्दा क्र. २ : आमच्या सेठजींच्या दोन शाखा निघत आहेत, एक धुळ्याला व एक इंदूरला. एक मला सांभाळायची आहे, आणि कोणती ते मी निवडायचे आहे. इंदूरची शाखा मोठी आहे. धुळे घ्यावे असे एकही तांत्रिक कारण मला सापडत नाही. आपल्याला सापडल्यास महिनाअखेरपर्यंत कळवावे. — प्रमिला नेहेते"

मी ते पत्र अँटेनांच्या हँडबुकमध्ये ठेवलं, मग कपाटात, मग पुन्हा हँडबुकमध्ये.

चौथ्या दिवशी पंडितभाऊ आले. साधा, नेमका माणूस. "सर, चारशे बाराचं उत्तर टाइप करतोय. एक नंबरचे आकडे द्या." मी दिले. "आणि दोनला काय लिहू?"

त्यांनी ते वाचलं होतं. चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं, कारण त्यांच्या लेखी तोही एक मुद्दाच होता. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि ओठांवर तिचाच शब्द आला.

"यथावकाश... कळवू, असं लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. "मुद्दा क्र. २ बाबत यथावकाश कळविण्यात येईल." प्राचार्यांनी दहा पत्रांबरोबर त्यावरही सही केली आणि ते गेलं.

मी स्वतः का लिहिलं नाही? रोज लिहीत होतो. धुळ्याला यावे, कारण — इथपर्यंत यायचो. पुढे जे कारण लिहावं, ते तिच्या कामाचं नसे, माझ्याच सोयीचं असे. चौतीस वर्षांचा, जाड भिंगांचा, समोर माणूस आला की शब्द विसरणारा मी. एका हुशार बाईनं माझ्यासाठी मोठी शाखा सोडावी, हे मी कुठल्या तोंडानं मागणार? शिवाय दुसरी शंका होतीच. तिला खरोखरच तांत्रिक सल्ला हवा असला तर?

तेवीस तारखेला चांद आला. विजेपासून बचावाची पट्टी खांबापासून जमिनीत उतरवायची राहिली होती. काम करता करता तो म्हणाला, "सर, तुमचं पत्र बाईंनी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय."

"कुठलं पत्र?"

"तेच, यथावकाशवालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. म्हणतात, मला आजवर एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या माणसानं सही करून ताटकळत ठेवलं नव्हतं." त्यानं पक्कड बाजूला ठेवली. "सेठ रोज विचारतो, धुळे का इंदूर. बाई म्हणतात, यथावकाश. आधी हसायच्या म्हणताना. आता हसत नाहीत."

"मग?"

"मग काय सर. सोमवारी एकोणतीस. त्यांनी सांगितलं नाही तर सेठ सांगणार. तो काय, इंदूरच सांगेल." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "मी आज इथून शिरपूरला जातोय, नाहीतर निरोप नेला असता. तसा निरोपानं सांगायचा हा प्रकार नाहीये म्हणा."

त्या रात्री लिहिलं, फाडलं. बुधवारी, गुरुवारीही तेच. खरं सांगतो, सोमवार आपोआप येऊन जाईल आणि माझ्यावर काही निवडायची पाळी येणार नाही, अशीही एक आशा मनात होती. ती माझी आयुष्यभराची पद्धत होती.

शुक्रवारी, सव्वीस तारखेला, महिन्याची बैठक झाली. बैठकीत प्राचार्य प्रलंबित पत्रांची यादी मोठ्यानं वाचायचे. कोणाकडे काय अडलंय, ते सर्वांसमोर कळावं म्हणून. मला हे माहीत होतं. पण अर्धं उत्तर गेलेलं पत्र यादीत राहतं, हे मला माहीत नव्हतं. पंडितभाऊंना माहीत होतं.

"आवक चारशे बारा," प्राचार्य म्हणाले. "मुद्दा क्रमांक दोन. झांबरे, वीस दिवस झाले. काय अडचण आहे?"

बावीस माना माझ्याकडे वळल्या.

"सर, ते... तांत्रिक आहे."

"मग तुमच्याशिवाय कोण देणार उत्तर? कार्यालयाला देता येईल का?"

"नाही सर."

"मला देता येईल?"

"नाही सर."

"मग आज निकाली काढा. समोरचा माणूस खोळंबला असेल." त्यांनी पुढचा क्रमांक वाचला.

समोरचा माणूस खोळंबला असेल. वीस दिवस मी फक्त माझ्याकडे पाहत होतो, माझं धैर्य, माझी लायकी, माझा चष्मा. तिकडे ती रोज सेठजींना थोपवून धरत होती, आणि आता हसतही नव्हती. बैठक सुटताच मी पंडितभाऊंच्या टेबलापाशी गेलो, त्यांचाच एक कोरा कागद घेतला आणि उभ्यानंच लिहिलं.

"मुद्दा क्र. २ : धुळे घ्यावे असे तांत्रिक कारण मलाही सापडलेले नाही. आपण इंदूर घ्यावे. काम मोठे आहे आणि ते आपल्याला येते.

माझे कारण तांत्रिक नाही. मला आपल्याबरोबर राहायचे आहे. त्यासाठी आपणच धुळ्याला यायला हवे, असे मी वीस दिवस धरून चाललो होतो. ते चुकीचे होते. इंदूरलाही कॉलेजे आहेत. तिथल्या एका कॉलेजची जाहिरात आमच्या ग्रंथालयातल्या पेपरात आहे, उद्या अर्ज करतो. मी आजवर धुळ्याबाहेर कुठेच अर्ज केलेला नाही, त्यामुळे नोकरी कधी मिळेल ते सांगता येत नाही. पण करत राहीन.

हे आपल्याला नको असेल तर तसे कळवावे, मी पुन्हा विचारणार नाही. हवे असेल तर वरणगावला आपल्या वडिलांना भेटायला कधी येऊ, ते कळवावे. उत्तराला उशीर केला, याची क्षमा मागतो. — लीलाधर"

पंडितभाऊंनी जावक रजिस्टर उघडलं. "द्या सर, नंबर घालतो."

"हे... खाजगी आहे, पंडितभाऊ."

"असू दे की. आवक आहे म्हटल्यावर जावक लागतं. नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा यादीत येईल." त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, न वाचता घडी घातली आणि लिफाफ्यात सरकवला. "विषय काय लिहू?"

मी पेनाला टोपण लावलं.

"अँटेना व इतर," ते स्वतःशीच म्हणाले आणि तसं लिहिलं. "सही प्राचार्यांची का?"

"माझी आहे."

"मग झालं तर. माझी डाक आता उद्याच जाईल सर. उद्या टाकली तर सोमवारी तिकडे पोचेल का, सांगता येत नाही. शहरातली शेवटची डाक साडेपाचला निघते." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

पंडितभाऊंचीच सायकल घेतली. शहर सहा किलोमीटर. सीट उंच होती, पाय पुरत नव्हते, उभ्यानं पेडल मारत गेलो. उतारावर चष्मा घसरला तो एका हातानं धरला. वाटेत दोन विद्यार्थ्यांनी नमस्कार केला, त्यांना मान हलवायलाही जमलं नाही.

मोठ्या पोस्टापाशी पोचलो तेव्हा पेटी उघडी होती. पोस्टमन गुडघ्यावर बसून पत्रं पिशवीत ओढत होता. मी सायकल भिंतीला टेकवली. लिफाफा शर्टाच्या खिशात घामानं ओला झाला होता. तिच्या नावातली शाई एका बाजूला पसरली होती, पण वाचता येत होतं. तिकीट आहे ना, ते पाहिलं. होतं. पत्ता पुन्हा वाचला. बरोबर होता. मग पाहण्यासारखं काही उरलं नाही.

"जळगावची उद्या मिळतील ना?" मी विचारलं.

"आजच्या डाकेनं गेली तर सकाळीच मिळतील." त्यानं पेटीचं दार लावलं, कुलूप घातलं आणि माझ्या हाताकडे पाहिलं. "साहेब, द्यायचंय का ते?"

"हो," मी म्हणालो.

त्यानं पिशवीचं तोंड माझ्यासमोर धरलं. मी पत्र आत टाकलं.